सोड म्हणायचं राहिलं

मंदाकिनी दिवटेच्या हाताखालून गेलेली बाई कुत्रं मागं लागलं तरी पळू शकत नाही, अशी येवल्यात तिची ख्याती होती. ही बदनामी नव्हे बरं का. याच्यावरच तर तिची भाकरी होती.

मंदाबाई पोझ लावायची. येवल्याची पैठणी जगभर जाते, पण त्याआधी ती कॅटलॉगमध्ये जाते, आणि कॅटलॉगमध्ये जायचं तर तिच्या आत एक बाई उभी करावी लागते. नुसती उभी केलेली चालत नाही. दोन्ही पायांवर भार देऊन समोर बघणारी बाई म्हणजे रेशनच्या रांगेतली बाई. तिच्या अंगावरची पैठणी कोण घेणार? म्हणून मंदाबाई एका पायावरचा भार काढून घ्यायची, गुडघा आत वळवायची, कंबर एका अंगाला सोडायची, मान कलती करायची. बोटं पदराला टेकल्यासारखी दिसायला हवीत, पण पदर धरायचा नाही. धरला की चुण्या पडतात. नजर कॅमेऱ्याच्या बाजूनं खाली जमिनीवर. एवढं झालं की बाई अशी दिसायची, की फुंकर मारली तर पडेल. मग फोटोवाले विष्णूदा म्हणायचे, "अहाहा! आता कशी बाई दिसली."

त्याच स्टुडिओत दर सोमवारी पुरुषांच्या कुर्त्यांचे फोटो निघत. त्या दिवशी मंदाबाईला सुट्टी. पुरुषाला पोझ लावावी लागत नाही. "पाय रोवा, हात खिशात, बघा इकडं," की झालं.

बायकांच्या पोझा अकरा होत्या, आणि त्यांची नावं मंदाबाईनंच ठेवली होती. गालाला हात लावला की 'दुखरी दाढ'. एक टाच उचलली की 'पायात काटा'. कंबर बाहेर, हात कंबरेवर, की 'उसण'. खाली तिरकं बघत उभं राहिलं की 'चप्पल हरवली'. आणि सगळ्यांत नाजूक, नववधूंसाठी राखून ठेवलेली, ती 'मान अवघडली'. नवी मॉडेल आली की नावं ऐकून खो खो हसायची. हसून झालं की तिला तशी उभी करायची.

समोरून अप्सरा आणि मागून वाळत घातलेले कपडे, असा तो प्रकार. मागं सगळीकडं चिमटे. मंदाबाईच्या कंबरेला चिमट्यांची पिशवी आणि एक छोटी कात्री कायम लटकलेली. आणि फोटोच्या क्षणी तिचा हुकूम सुटायचा: "धर!" बाईनं पोट आत ओढून श्वास धरायचा. कॅमेरा वाजला की, "सोड!" बाई भस्सकन खाली यायची, पोट पोटासारखं व्हायचं, खांदे पडायचे. मंदाबाई धरायला लावायची, पण डोळा कानाच्या पाळीवर ठेवून. पाळी जांभळट व्हायला लागली की फोटो मिळो न मिळो, "सोड." तीस वर्षांत तिच्या हातून एकही बाई घेरी येऊन पडली नव्हती.

केतकी या स्टुडिओतच वाढली. मंदाबाईच्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. कॅमेरा दिसला की रडणं विसरून हसायचं, हे मावशीनं तिला तेव्हाच शिकवलं होतं. पुढं पोरगी कबड्डीत गेली. चढाईला निघाली की एका दमात दोघींना मारून परत यायची, असा तिचा दम.

"मावशी," ती एकदा भिंतीवरच्या कॅटलॉगकडं बघत म्हणाली, "तुझ्या बायका सगळ्या अशा का गं उभ्या? घाईची लागल्यासारख्या?"

"गप गं भवाने. त्या तशा उभ्या राहतात म्हणून तू मैदानात पळतेस."

आणि मग पुण्याहून लेले मॅडम आल्या.

डॉक्टर श्रुतकीर्ती लेले म्हणजे औषधाच्या डॉक्टर नव्हेत, यंत्राच्या. बाई बोलायला गोड आणि समजावून सांगायला पटाईत. "मंदाताई, तुम्ही हात उचलता तेव्हा काय होतं? मेंदूकडून बारीकशी वीज निघते, नसेतून जाते, स्नायू आखडतो. ती वीज कातडीवरून मोजता येते. आणि जी मोजता येते, ती परत देताही येते. लकवा झालेल्या माणसाचा पाय असाच उचलवतात, त्याला कितीतरी वर्षं झाली."

"म्हणजे माझी पोझ तुम्ही भरून घेणार आणि दुसरीच्या अंगात ओतणार."

"इतकं सोपं मला माझ्या प्रबंधातही लिहिता आलं नव्हतं," लेले मॅडम हसल्या.

त्यांच्या कंपनीनं 'ऐट' नावाचा जोड काढायचा घाट घातला होता. चोळी आणि परकर, साडीच्या आतून घालायचा, जरीहून बारीक धाग्यांनी विणलेला. हल्लीचा प्रत्येक कॅमेरा अंतर मोजायला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. साडी असते विरळ. तो प्रकाश तिच्या आरपार जाऊन धाग्यावर पडला, की धागा ओळखतो, कुणीतरी बघतंय, आणि बाईला पोझमध्ये उभी करतो. बाईनं काहीच करायचं नाही.

"आणि सुटते कधी?" मंदाबाईनं विचारलं. तो तिच्या धंद्यातला प्रश्न होता.

"पंधरा आकडे झाले की आपोआप."

नऊ दिवस मंदाबाई अंगभर तारा लावून उभी राहिली. मॉडेल पोरींना अकराच्या अकरा पोझा तितक्या नेटक्या येतात कुठं? ती स्वतःलाच मनात "धर" म्हणायची, विष्णूदांचा एकुलता एक कॅमेरा वाजायचा, ती स्वतःला "सोड" म्हणायची. नवव्या दिवशी लेले मॅडमनी पडद्यावरच्या रेघोट्या दाखवल्या. वर चढलेली रेघ म्हणजे पोझ, मग ढासळलेली रेघ, मग पुन्हा चढ.

"हे ढासळलेलं पण ठेवायचं का, ताई? श्वास सोडतानाचं?"

मंदाबाईला हसूच आलं. "सोडल्यावर बाई बाईसारखी दिसते हो मॅडम. ते कोण बघतंय? कापा."

कापलं.

वर्षाच्या आत 'ऐट' घराघरात गेली. पहिल्यांदा मजाच वाटली. बँकेत शिरलेल्या बायका दारातल्या कॅमेऱ्याखाली एक टाच उचलून उभ्या राहायच्या आणि मागच्यांची रांग अडायची. शाळेच्या तपासणीला साहेब पडद्यावर आले, की मुख्याध्यापिका बाई गालाला हात लावून हजेरीपट दाखवायच्या. मंदाबाई भाजी आणायला गेली तरी सगळा गाव तिच्याच अकरा दुखण्यांनी आजारी दिसायचा, आणि खोटं कशाला सांगा, तिची छाती फुगायची.

मग एक दिवस विंचूर चौफुलीवर मोरे बाई रस्ता ओलांडत होत्या. चौकातला कॅमेरा फिरला, आणि बाई भर रस्त्यात 'पायात काटा' होऊन थांबल्या. समोरून टेम्पो. टेम्पोच्या कपाळालाही कॅमेरा. तो जवळ यावा तशी बाईंची कंबर आणखीच नाजूक व्हावी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तेव्हा टेम्पो आणि पैठणी यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. बाई सुटल्या, विहिरीतून वर यावं तसा त्यांनी श्वास ओढला, आणि धावत आलेल्या मंदाबाईला पहिला प्रश्न केला, "चांगली दिसत होते का हो?"

मंदाबाई त्यांच्या कानाकडं बघत होती. पाळी जांभळी झाली होती.

तिनं घरी येऊन पुण्याला फोन लावला. लेले मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ऊन होतं का, ताई?"

"ऊन तर होतंच."

"मग उन्हानंच. पंधरा आकड्यांनी सुटतेच ती. तुमच्याच स्टुडिओत तपासलंय ना आपण."

माणसाला जे ऐकायचं असतं, ते पुण्याहून ऐकलं की जास्त पटतं. मंदाबाईनं फोन ठेवला. नाही पटवून घ्यावं, तर ती चोळी कुणाच्या अंगाच्या मापाची होती? गावातल्या दर बाईच्या बरगड्यांवर कुणाचे हात होते?

चार महिन्यांनी केतकीचं लग्न निघालं. मुलगा हेरंब, कोपरगावला पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, अबोल पण सरळ. लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या खोलीत मंदाबाईनं ट्रंकेतून दोन जोड काढले. पहिल्या मागावरचे, कंपनीनं मानानं दिलेले. एक तिनं स्वतः घातला, दुसरा केतकीपुढं धरला.

"मावशी, मला नको."

"अगं, आपल्या घरचं आहे. माझ्या अंगावरून केलेलं."

"म्हणून तर नको. मला माझ्या लग्नात दोन पायांवर उभं राहायचंय."

"एक दिवस, केतू. जन्मभर राहा की दोन पायांवर."

तेवढ्यात विहीणबाई ओटीचं सामान घेऊन आत आल्या. "घाल हो बाळा. आमच्या दोन्ही सुनांनी घातला होता. अल्बम बघशील तर बघतच राहशील."

केतकीनं मावशीकडं पाहिलं. मावशीनं नजर चप्पल हरवल्यासारखी खाली नेली.

"बरं," केतकी म्हणाली. "पण पंगतीला बसताना काढणार. मला जेवायचंय."

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. विष्णूदांनी पहिला फोटो घेतला. केतकीची मान लवली, बोटं पदराला न धरता टेकली. मंदाबाईनं सवयीनं आकडे मोजले. पंधराला पोरगी सुटली. मंदाबाईनंही श्वास सोडला.

आणि मग हार घातले गेले. चारशे माणसांनी एकदम फोन वर केले.

मंदाबाई शेवटच्या खांबाशी पाहुण्यांना पेढे देत होती. तिनं पुन्हा मोजायला घेतलं. तेरा, चौदा, पंधरा. सोळा. सतरा. केतकीची मान तशीच. वीस. तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी पर्समधून आत्ता फोन काढला. पंचवीस. त्यांच्या मागं दोन पोरी खुर्चीवर चढल्या, हात वर. तिसाव्या आकड्याला मंदाबाईच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स कलंडला.

पंधरा आकडे होते एका कॅमेऱ्याचे. दुसरा वर आला की चोळी पुन्हा एकपासून मोजत होती. तिसरा आला की पुन्हा एक. स्टुडिओत कॅमेराच एक होता!

स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर केतकीचा चेहरा भिंतीएवढा दिसत होता. हसरा. चेहऱ्याला धाग्याची गरजच नव्हती. कॅमेरा दिसला की हसायचं, हे तिला चौथ्या वर्षी शिकवलेलं होतं. ओठांवरच्या लालीखाली निळसर छटा चढत होती, आणि तिच्यामुळं लाली आणखीच खुलत होती.

"अहाहा!" विष्णूदा ओरडले. "हलू नकोस बाळा, अजिबात हलू नकोस!"

"किती शांत हो," विहीणबाई शेजारणीला म्हणाल्या. "देवीसारखी."

पन्नास. सगळं शरीर बांधलेलं, फक्त डोळे मोकळे होते. ते जमिनीवरून हळूच उचलले गेले आणि त्या चारशे माणसांत कुणाला तरी शोधू लागले. कुणाला, हे मंदाबाईला कळलं.

"कॅमेरे बंद करा!" ती किंचाळली. "पोर गुदमरतेय!"

"मावशीला गहिवर आला," कुणीतरी म्हणालं, आणि दहाबारा फोन तिच्याकडं वळले. तिची मान खाडकन कलली. बरगड्या आवळल्या. तिच्याही अंगात तोच जोड होता. ती कशीबशी खांबाआड कोसळली, तिथं प्रकाश पोचत नव्हता, म्हणून लगेच सुटली. कोसळता कोसळता तिला पडद्यावर दिसलं होतं, की ते दहाबारा फोन वळले तेव्हा केतकीच्या नाकपुड्या एकदा थरथरल्या होत्या. प्रकाश कमी झाला की पकड सैल होत होती.

सत्तर. स्टेजपर्यंत कात्री घेऊन जावं, तर वाटेतच तिचा पुतळा होणार. विजेचं बटण कार्यालयाच्या पलीकडच्या टोकाला. बोलून कुणी ऐकत नव्हतं. एकच गोष्ट तिच्या हातात होती. तीस वर्षं तिनं एकच विद्या केली होती, लोकांची नजर बाईवर खिळवून ठेवायची.

मंदाबाईनं पदर खोचला. दोन्ही पाय फाकवून, मांडीवर थाप मारून, छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून, बावन्न वर्षांची ती बाई मधल्या वाटेनं धावत सुटली:

"कबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डी..."

चारशे माणसं गर्रकन वळली. नवरी रोजचीच, असली मावशी कुठं बघायला मिळते? एक फोन स्टेजकडं राहिला नाही. तिकडं स्टेजवर केतकी गुडघ्यांवर आदळल्याचा आणि कर्कश श्वासाचा आवाज मंदाबाईनं ऐकला. सुटली!

आणि चारशे डोळ्यांचा तो न दिसणारा प्रकाश मंदाबाईवर पडला.

डावी टाच उचलली गेली. कंबर सरकली. हात गालाला गेला. 'दुखरी दाढ'. तिनंच रचलेली, तिच्याच अंगातून काढलेली, पण आता ती आतून बघत होती. सगळा दम कबड्डीत गेला होता. छाती रिकामी, आणि रिकाम्या छातीवर पट्टा. लोक हसत होते. "क्या बात है मावशी!" एक, दोन, कुणीतरी नवा फोन, पुन्हा एक. तिला ओरडायचं होतं. तिला एका पायावरून पडायचं होतं, पण पोझ पडू देईना. कडेनं अंधार आत येत होता, आणि त्या अंधारात आजवर उभ्या केलेल्या सगळ्या बाया एका ओळीत, माना कलत्या करून, तिच्या तोंडाकडं बघत होत्या, ती कधी सोड म्हणते म्हणून.

स्टेजवर केतकीनं डोकं वर केलं. मावशीकडं नुसतं धावणं म्हणजे त्याच प्रकाशात शिरणं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पायाशी पडलेला अंतरपाट उचलला. जाड, दुपदरी, मध्ये स्वस्तिक काढलेला. "हेरंब, ते टोक धर!" हेरंबनं काही न विचारता धरलं. अंतरपाट ढालीसारखा पुढं धरून दोघं मधल्या वाटेनं धावले, आणि केतकीनं तो मावशीभोवती आणि स्वतःभोवती गुंडाळून घेतला. कॅमेऱ्याच्या आणि बाईच्या मध्ये काहीतरी धरावं, हे मंदाबाईला तीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

आत काळोख. केतकीनं मावशीच्याच कंबरेची कात्री काढून चोळी पाठीवर उभी कापली. धागे तुटले. मंदाबाई हलली नाही.

"मावशी?"

चोळी सुटली होती. अंग सुटलं नव्हतं. पोझ मुळात त्या अंगाचीच होती. ते अंग हुकमाची वाट बघत होतं, आणि तो हुकूम तिनं स्वतः कापायला सांगितला होता.

केतकीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कानाशी तोंड नेलं.

"सोड, मावशी. सोड."

मंदाबाई भस्सकन खाली आली.

गोष्ट इथं संपती तर पेढे वाटले असते. पण लेले मॅडमनी चूक मान्य करून महिन्याभरात सुधारलेला जोड काढला. आता म्हणे पंचवीस कॅमेऱ्यांपर्यंत भीती नाही. कबड्डीवाली मावशी दोन दिवस फोनांमधून फिरली आणि विसरली गेली. राहिला तो विष्णूदांचा एक फोटो. केतकीचा, सत्तराव्या आकड्याचा. असं सौंदर्य आपण उभ्या आयुष्यात टिपलं नाही, असं विष्णूदा म्हणाले, आणि ते खरंच होतं. केतकीनं नाही म्हटलं, भांडली, पत्रं पाठवली. फोटो विंचूर चौफुलीवर तीन मजली उंच लागला. खाली एकच शब्द: ऐट.

मंदाबाईनं स्टुडिओ सोडला. आता ती रोज सकाळी साध्या सुती चोळीत त्या होर्डिंगखाली पाय रोवून उभी असते. जोड घातलेली बाई थांबली की जवळ जाते, हातातली छत्री उघडून तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये धरते आणि म्हणते, सोड. बायका दचकतात, काही शिव्या देतात, काही श्वास घेतात. तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

परवा सात-आठ वर्षांची एक मुलगी होर्डिंगखाली थांबली. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर. तिनं वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक गुडघा आत घेतला, मान कलती केली, पोट आत ओढलं.

मंदाबाई छत्री उघडत पुढं झाली. "सोड गं बाळा."

मुलगी हलली नाही. मंदाबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवून पाहिला. गणवेशाखाली धागा नव्हता, चोळी नव्हती, काहीच नव्हतं. नुसती पाठ होती. तिनं चहूकडं पाहिलं. कुणाच्याही हातात फोन नव्हता. चौकातला कॅमेरा पलीकडं मनमाडच्या रस्त्याकडं बघत होता.

"सोड," मंदाबाई म्हणाली. "अगं, कुणी काढत नाहीये फोटो. सोड."

मुलगी गोड हसली, आणि श्वास धरून तशीच उभी राहिली. मंदाबाईनं तिच्या कानाच्या पाळीवर डोळा ठेवला आणि मोजायला सुरुवात केली.